कान नसलेला कप

मार्च लागला की मला लोकांच्या छंदांचा राग येऊ लागतो. एरवी मी तशी सोशीक बाई आहे. कुणी काड्यापेट्या जमवो, कुणी नाणी, माझं काय जातं? पण उन्हं चढायला लागली, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास बारामतीवर येऊन बसला आणि दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची काळी राख पडायला लागली, की माझं डोकं फिरतं. कालच पेपरच्या पुरवणीत कुणा डॉक्टरांचा फोटो होता. मागे काचेचं कपाट, कपाटात निळ्या नक्षीच्या चिनी थाळ्या, आणि खाली ओळ, ‘संस्कृती जपणारा अवलिया’. त्याच पानावर मी मेथी निवडली.

माझ्या वाट्याला आलेला अवलिया म्हणजे बापूसाहेब. एकोणीसशे नव्वदच्या दशकातली ती वर्षं. मी बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, दोन खोल्यांत एकटी राहत होते. बापूसाहेब आमच्याच गावचे. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या वाटेवर त्यांची द्राक्षाची बाग. माल परदेशात जायला लागला आणि पाच-सहा वर्षांत त्यांनी बारामतीत बंगला बांधला. पैसा आलेल्या माणसाने बंगला बांधू नये असं मी म्हणणार नाही. पण बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दिवाणखान्यात दाखवण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्या एखाद्याने हरणाची शिंगं टांगली असती आणि विषय मिटवला असता. हे मुंबईला कुणाकडे तरी जेवायला गेले, तिथे एक चिनी फुलदाणी पाहिली, यजमानांनी ती तीनशे वर्षांची आहे म्हणून सांगितलं, आणि हे तिकडून झपाटूनच आले.

मग एक दलाल येऊ लागला. जाताना तो डिकीत द्राक्षांची खोकी भरून न्यायचा आणि पुढच्या खेपेला त्याच खोक्यांतून जुन्या वस्तू आणायचा. खोक्यावर हिरव्या घडाचं चित्र, आणि आत कागदाच्या पट्ट्यांत गुंडाळलेला सयामचा पितळी हात, ब्रह्मदेशचा लाकडी भिक्खू, चीनच्या फिकट हिरव्या थाळ्या. एकदा कंबोडियातलं बुद्धाचं दगडी शिर आलं. ते त्यांनी टीव्हीवर ठेवलं. बापूसाहेब ‘मिंग’ म्हणायचे, म्हणजे चीनच्या जुन्या राजघराण्याचं नाव घ्यायचे, तेव्हा नाकातून असा काही आवाज काढायचे, की त्यांच्या शेजारणीने एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, “बाई, ते एवढं हिंगाचं काय करतात हो?”

माझी तिथे गरज पडली ती इंग्रजीमुळे. दलाल वस्तूंबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तकं देऊन जायचा. ती वाचून दाखवायची आणि प्रत्येक वस्तूपुढे ठेवायला सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहायची, हे माझं काम. दर रविवारी सकाळी मी जायची. चहा यायचा तो पातळ, पारदर्शक कपातून, आणि कप माझ्या हातात देताना बापूसाहेब दर रविवारी न चुकता म्हणायचे, “आमी जातपात मानत न्हाय, मॅडम.” मी मान डोलवायची. मी बौद्धवाड्यातली आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ते वाक्य. बाकी कुणाला चहाबरोबर ते मिळत नसे.

आणि त्या कपाटाचा थाट काय वर्णावा! सागवानी चौकट, आत दिवे, कुलूप. त्या थाळीत कुणी जेवायचं नाही, त्या वाटीत कुणी वाढायचं नाही, त्या वस्तूंना कुणी शिवायचंसुद्धा नाही. धुणंभांडी करणाऱ्या बाईला कपाटापासून चार हात लांबून केर काढायला लागायचा. घरातली शिवाशिव आपण मोडली असं सांगणाऱ्या या माणसाने चांगली बाग पिकवून पैसा कमावला आणि त्याची पुन्हा शिवाशिवच विकत आणली. मला ते दिसत होतं. तरी मी जात राहिले. मोठ्या घरात कुणीतरी ‘मॅडम’ म्हणतं, पंख्याखाली बसवतं, आपल्या अक्षराचं कौतुक करतं, याची मला चटक लागली होती. बापूसाहेबांवर मी जेवढी चिडते त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

हे मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी सांगितलं नव्हतं. कारण बापूसाहेबांच्या वडिलांच्या गोठ्यावर तात्या सहा वर्षं राबले होते. शेण काढायचं, वैरण टाकायची, धारेच्या वेळी जनावर धरायचं. दोन वेळा चहा मिळायचा. तो घरातून यायचा, तात्यांचा कप मात्र गोठ्यात. भिंतीतल्या कोनाड्यात. मालकीणबाई, म्हणजे बापूसाहेबांच्या आई, दारात उभ्या राहून किटलीतून वरून चहा ओतायच्या. पिऊन झाला की तात्यांनी तो स्वतः धुवायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. ठेवतानाही रोज दारातून हाक यायची, “सख्या, कप पालथा घालून ठिव रं!” सहा वर्षांत रोज दोनदा. तात्या कप पालथाच घालत होते, तरीही.

त्या कपाला कान नव्हता. त्याचीही एक गोष्ट होती. बापूसाहेबांचा एक चुलता फौजेत होता. तो लढाईवरून परतताना सिंगापुराहून ट्रंकेत सहा कप घेऊन आला. पांढरे, बारीक निळ्या वेलीचे. ट्रंक उघडली आणि घरात हसू का रडू झालं, कारण सहाच्या सहा कपांना धरायला कान नाही! पातळ, नाजूक, बशीही नाही. चिनी लोक चहा बिनकानाच्याच वाटीतून पितात हे आमच्या गावात कुणाला माहीत असणार? सगळ्यांचं एकमत झालं, की भोळ्या फौजीच्या गळ्यात दुकानदाराने कान तुटलेला माल मारला. आता घरातल्या माणसांना तुटक्या कपातून चहा कसा द्यायचा? पाच कप पोरांच्या खेळण्यात गेले आणि फुटले. सहावा गोठ्यात गेला.

छप्पन साली धर्मांतर झालं आणि महिन्याभरात तात्यांनी गोठ्याचं काम सोडलं. शेवटच्या दिवशी ते निघाले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, “सख्या, तुजा कप घिऊन जा. आमाला काय कामाचा त्यो?” ओकारी आल्यासारखं तोंड केलं होतं, असं तात्या सांगायचे. त्यांनी कप धोतराच्या सोग्यात बांधून आणला आणि घरात सांगून टाकलं, की आपल्यात ह्यातून च्या कुणी प्यायचा नाही. टाकून मात्र दिला नाही. मग त्यात ते दाढीचं पाणी घेऊ लागले. साबणाची वडी, ब्रश, वस्तरा आणि तो कप एवढं एका हिरव्या पिशवीत असायचं. माझ्या लहानपणी तो कप म्हणजे मला फक्त साबणाचा वास आठवतो.

बंगल्यावर जायच्या त्या दिवसांत, एका मार्चमध्ये तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते. हिरवी पिशवी बरोबर होतीच. शाळेत दहावीची परीक्षा, घरात तात्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्याच्या वेळा, आणि मधे बापूसाहेबांचं एक पुस्तक, चिठ्ठ्या लिहायच्या म्हणून घरी आणलेलं. पट्टी सुटली, चष्मा आला, आणि तात्यांना जो दिसेल तो कागद वाचायचा नाद लागला. एकदा मी शाळेतून आले तर ते पुस्तक त्यांच्या मांडीवर. बुद्धाच्या शिराचं पानभर चित्र उघडं होतं आणि त्यांनी हात जोडले होते. मला पाहून म्हणाले, “ह्येचं धड कुठं हाय गं?”

“नसतंय, तात्या. मान कापूनच आणतात.”

“कोन?”

मला बापूसाहेबांच्या टीव्हीवरचं ते शिर आठवलं. तात्यांनी पान उलटलं आणि एकदम चष्मा नाकावर नीट बसवला. पानावर एका मिंग वाटीच्या बुडाचा फोटो होता. बुडावर निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी.

“ह्यो पाय फाकून उभा ऱ्हायलेला गडी,” तात्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले. “ह्येच्या खाली ह्या दोन खिडक्या. ह्ये माझ्या कपाला हाय की!”

हिरव्या पिशवीतून कप निघाला, पालथा झाला. तोच गडी, त्याच खिडक्या. बाकीची चारही तशीच. ही चिनी अक्षरं आहेत, मी सांगितलं. तात्या ती अक्षरं पुन्हा पुन्हा पुस्तकाशी ताडून पाहत होते. “अक्षरं हायती व्हय ही? मला चित्रं वाटायची. रोज धुताना दिसायची न्हवं. विहारात अ-आ शिकलो त्येच्या आदी मला ही पाठ हुती.” ते लहान मुलासारखे हसले. ज्या घरात तो कप इतकी वर्षं होता त्या घरात त्याचं बूड कुणीच पाहिलं नव्हतं. पालथ्या कपावर अक्षरं वरच असायची, पण पाहायचं तर जवळ जावं लागलं असतं.

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. रविवारी बंगल्यावर गेले आणि फुशारकीने सांगून टाकलं, की असा शिक्का असलेला बिनकानाचा कप आमच्या तात्यांकडे आहे. बापूसाहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यांच्या तोंडाचा आ झाला. “फौजेतल्या काकांचा? आमच्या गोठ्यातला? आवो, ल्हानपणी मी त्येला एकदा हात लावला म्हणून आईनं मला अंगणात आंघोळ घातली हुती!” असं म्हणून ते मोठ्याने हसले. मीही हसले. तेही आठवतं. मग त्यांनी विचारलं, “तात्या घरी किती वाजता असत्यात?”

तात्यांपासून आता लपवण्यात अर्थ नव्हता. घरी येऊन सगळं सांगितलं. कपाट, चिठ्ठ्या, पारदर्शक कपातला चहा, टीव्हीवरचं शिर. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “येऊ दे त्येला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब आमचे दोन जिने चढून आले. दारातच “जय भीम, तात्या!” म्हणाले, जिन्यात पाठ केल्यासारखं. डोळ्याचं कसं आहे हे विचारायचं राहून गेलं, कारण त्यांची नजर घरभर कप शोधत होती.

“बसा. आदी च्या,” तात्या म्हणाले आणि पिशवीतून काढलेला कप माझ्या हातात दिला. “पाव्हण्यास्नी ह्यात वत.”

“तात्या, सकाळीच दाढी केलीत ना त्यात?”

“मग घासून घे. आनि बापूसाहेब, आइकलं न्हवं? ह्यात मी दाढी करतो. चालंल का?”

“चालतंय, चालतंय,” बापूसाहेब म्हणाले.

मी कप दोनदा घासला. चहा आणून दिला. बापूसाहेबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मान वाकडी करून बूड पाहायला गेले. चहा बाहीवर सांडला.

“अक्षरं खाली हायती,” तात्या शांतपणे म्हणाले. “कप रिकामा केल्याबिगर दिसायची न्हाईत. ह्या कपात तुमच्या घरचा च्या सहा वर्सं मी प्यालो. आज माझ्या घरचा तुमी प्या.”

वाफाळता चहा बापूसाहेबांनी तीन घोटांत संपवला. डोळ्यांत पाणी आलं, ते जिभेला चटका बसला म्हणून. त्यांच्या घराण्यात आमच्याकडचा घोट घेणारा हा पहिलाच माणूस. चळवळीला, कायद्याला, शाळेतल्या सुविचारांना जे जमलं नाही ते एका कपाच्या बुडाने करून दाखवलं. मला त्या क्षणी या माणसाची जी किळस आली ती त्याच्या आईचीही कधी आली नव्हती. ती बाई निदान कशासाठी तरी हट्टाने लांब उभी होती. हा हावेपायी जवळ आला होता.

मी कप धुवायला घ्यावा म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी तो छातीशी धरला. “नगं नगं मॅडम, तुमी हात लावू नका! मी धुतो.” ते उठून आमच्या मोरीशी गेले. स्वतःच्या बोटांनी कप आतून-बाहेरून धुतला, खिशातल्या रुमालाने पुसला, आणला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला. सहा निळी अक्षरं वर आली.

तात्या नव्या चष्म्यातून सगळं पाहत होते. “झ्याक धुतला,” ते म्हणाले. “मी बी असाच धुवायचो.”

बापूसाहेबांना ते ऐकूच गेलं नाही. ते अक्षरांवरून बोट फिरवत होते. “सांगा, तात्या. काय द्यायचं? तशी वस्तू आमच्याच घरची—”

“तुमच्या आईनं दिलीया ती. सोताच्या तोंडानं. आनि मला काय बी नगं. असाच घिऊन जा.” तात्यांनी कट्ट्यावरचा कप उचलून मांडीवर घेतला. “फकस्त त्या कपाटात चिठ्ठी मी सांगतो ती लावायची.”

“लावू की! मॅडम, घ्या लिहून.”

मी वही घेतली. तात्या कपाकडे बघत सावकाश सांगत गेले आणि मी लिहीत गेले. “ह्यो कप सखाराम महाराचा. बापूसाहेबांच्या गोठ्यात, कोनाड्यात पालथा असायचा. त्यात मालकीण वरनं च्या वतायची. घरच्या कपांसंगं ह्येला कवा ठेवला न्हाय. घरातलं कुनी शिवत नव्हतं, म्हणून ह्यो एकटा फुटला न्हाय.”

इतकी पुस्तकं वाचून मी शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. कुठल्या राजाच्या काळातली, कुठल्या भट्टीतली, कुठल्या देशातली. त्यातल्या किती खऱ्या होत्या देव जाणे. ही एक खरी होती. बापूसाहेबांनी ती दोनदा वाचली.

“तात्या, एवढं कशाला? ‘घराण्यातला जुना चिनी कप’ म्हनू. पाव्हणंरावळं येत्यात, पोरींची लग्नं व्हायचीत. हे जुनं कशाला उकरायचं?”

“तुमी जुनंच जमीवता न्हवं?” तात्या म्हणाले.

बापूसाहेब कपाकडे बघत, मग चिठ्ठीकडे, पुन्हा कपाकडे. कप फुकट होता, किंमत होती ती त्या चार ओळींची. खरं सांगते, त्या घडीला मला वाटलं हा माणूस घेईल. हावेने का होईना, घेईल आणि त्या दिव्यांच्या कपाटात ते चार ओळींचं खरं कुलपात का होईना लागेल. तात्यांनाही ते हवं होतं. त्यांचा हात कपावर घट्ट झाला होता. मला ते दिसत होतं.

बापूसाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. “बघू,” म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

ते पुढे कधी आले नाहीत, मीही बंगल्यावर गेले नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पोरांनी कपाट मोडलं, थाळ्या विकायला काढल्या, तेव्हा निम्म्या नकली निघाल्या म्हणतात. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या बंगल्यात आता शिकवणीचे वर्ग चालतात. तात्याही गेले. कप माझ्या खिडकीत असतो, आणि मार्चमध्ये रोज सकाळी मला त्यातली राख झटकावी लागते. चिठ्ठी शेजारी असते.

पण त्या सकाळचं एक राहिलंच. बापूसाहेब दारात गेले, चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरले. आणि थांबले. खिडकीतून राख आत येत होती, ती त्यांनी पाहिली असावी. तिथून, दाराबाहेरूनच, मान वळवून त्यांनी आवाज दिला, “तात्या, तेवढा कप पालथा घालून ठिवा हां!”

आवाज थेट आईचा. तात्यांचा हात सवयीने हलला, कप अर्धा वळलासुद्धा. मग ते थांबले. जिन्यावरची पावलं खाली पोचेपर्यंत तसेच बसून राहिले. उठले, खिडकीशी गेले, आणि कट्ट्यावर कप तोंड वर करून ठेवला.

“राख पडेल त्यात, तात्या,” मी म्हणाले.

“पडू दे,” ते म्हणाले. “लई वर्सं पालथा हुता.”